बियाण्याचं धान

चिचगडच्या यादोरावचा एकच हट्ट होता. घरात उपास पडला तरी बियाण्याच्या ढोलीतल्या, म्हणजे लिंपून बंद केलेल्या कणगीतल्या धानाला हात लावायचा नाही.

फौजेतला एकुलता एक, बिनलग्नाचा मुलगा रूपेश सुट्टीवर आला की वाद घाली, "बाबा, लढाईसाठी देशानं कर्ज काढलंच पायजे."

"अन् फेडन कोन? उद्या होनारी तुहीच लेकरं ना? त्याईच्या वाट्याचं आज कायले खाता?"

सीमेवर लढाई पेटली आणि रूपेश तिरंग्यात गुंडाळून घरी आला. तेरवीच्या आदल्या दिवशी यादोरावनं ती ढोली फोडली आणि सगळं धान गावजेवणासाठी भरडायला दिलं.

"आता पेराचं काय?" बायको सत्यभामा कळवळली.

"कोनासाठी पेरू?"

पंगतीत यादोरावनं भाताचं पान न खाता बाजूला सारलं. दुष्काळात लहानगा रूपेश याच ढोलीला बिलगून भुकेनं रडला होता, आणि तरी यादोरावनं ती उघडली नव्हती.