मशीनचा होम

माघातल्या एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, मुळशी तालुक्यातल्या आमच्या गावी, राहत्या घरात, एका लहान मिलिंग मशीनने गुरुजींचं उपरणं ओढून घेतलं. उपरणं त्या वेळी गुरुजींच्या अंगावर होतं. जीवितहानी झाली नाही.

पार्श्वभूमी अशी. अण्णा, म्हणजे माझे वडील, उरवड्याच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मिलिंग मशीनवर होते. (धातूचा ठोकळा टेबलावर आवळायचा, हँडल फिरवून टेबल कटरखाली सरकवायचं आणि ठोकळा हवा तसा तासायचा, याला मिलिंग म्हणतात.) निवृत्तीनंतर त्यांनी तसलंच एक छोटं मशीन घरी आणलं आणि माझ्या जुन्या खोलीत बसवलं. मग त्यांचा उजवा खांदा आखडला. हँडल फिरेना. तरी ते रोज खोलीत जायचे, मशीन पुसायचे आणि बाहेर यायचे. आईने हे तीन महिने पाहिलं आणि जाहीर केलं, "हँडल फिरंना तर मशीन कशाला? इकून टाका. खोली भाड्यानं जाईल." गिऱ्हाईकही मिळालं. पिरंगुटचा एक वर्कशॉपवाला माघातल्या त्याच रविवारी अकरा वाजता टेम्पो घेऊन येणार होता. त्या दिवसापासून अण्णा मशीन दिवसातून दोनदा पुसू लागले.

मी म्हाळुंग्याला राहतो आणि एका वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. दुसऱ्यांच्या मजकुरातली लिंगं-वचनं तपासण्याचा मला पगार मिळतो. मी ठरवलं की हँडलांच्या जागी मोटरी बसवायच्या आणि त्या कंप्युटरने फिरवायच्या. अण्णांनी फक्त बटण दाबायचं! पाच रविवार खपून तीन मोटरी बसल्या. (त्यांतली एक दोनदा बसली.) उरली पहिली चाचणी. असलं मशीन सुरू केलं की टेबल आधी ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन टेकतं आणि तिथून अंतर मोजायला लागतं. या क्रियेला 'होम' म्हणतात. इंग्रजीतलं होम. घर.

शुक्रवारी मी आईला मेसेज पाठवला, "रविवारी सकाळी मशीनचा होम करू. त्याआधी विकू नका." 'मशीनचं होम' असं लिहायला हवं होतं. 'चं'च्या जागी 'चा' पडला.

लगेच आईचा फोन आला.

"आरं, होम करायलाच पायजे का?"

"त्याशिवाय ते पुढचं कामच करणार नाही."

"किती येळ चालंल?"

"सगळं नीट असेल तर दोन मिनिटं."

"दोन मिन्टात कसला रं होम? आनी धूर? धूर लई हुईल का?"

"धूर निघाला तर संपलंच, आई! सगळं जळालं समज!"

"शहरात काय बी काढत्यात," असं म्हणून तिने फोन ठेवला.

रविवारी साडेआठला लॅपटॉप घेऊन पोचलो, तर दारात सतरा जोड चपला! स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास येत होता. खोलीत मशीनसमोर विटांचं होमकुंड मांडलेलं. मशीनला झेंडूचा हार, तिन्ही मोटरींवर कुंकवाची स्वस्तिकं. उजव्या अंगाला पाटावर गुरुजी बसलेले.

"आई, हे काय?"

"तूच म्हनला न्हवं, होम करू? दोन मिन्टात न्हाई व्हायचा त्यो. मी चांगला दीड तासाचा सांगितलाय."

"अगं, होम म्हणजे घर!"

"मग? घरातच करतोय की!"

अण्णा कोपऱ्यात उभे राहून घड्याळ बघत होते. "उरकू दे," ते हळूच म्हणाले. "अकराच्या आत टेबल हललं म्हंजी बास."

मी पाटावर बसलो. आहुत्या पडल्या. धूर झाला, भरपूर झाला. शेवटी गुरुजी म्हणाले, "आता यंत्र सुरू करा." मी लॅपटॉप उघडला आणि पडद्यावरच्या बटणाचं नाव मोठ्याने वाचलं, "होम."

"बघा!" आई जमलेल्यांना म्हणाली. "कंप्युटरात बी लिव्हलंय!"

मी बटण दाबलं. टेबल डावीकडे जायला हवं होतं. ते उजवीकडे निघालं. (एका मोटरच्या तारा मी उलट जोडल्या होत्या.) नेमके त्याच वेळी गुरुजी अक्षता वाहायला वाकले, आणि उपरण्याचं टोक टेबल सरकवणाऱ्या लांब, फिरत्या स्क्रूत गेलं. स्क्रू सावकाश, अचूक, न थकता उपरणं गुंडाळू लागला. गुरुजींनी मंत्र थांबवला नाही, फक्त त्याचा वेग वाढवला.

"आरं, बंद कर! गुरुजी चाललं आत!" आई ओरडली.

मी लॅपटॉपवर बंद करायचं बटण शोधत होतो. (ते मशीनवर होतं, लाल होतं, आणि मीच बसवलं होतं!) अण्णांनी डाव्या हाताने त्यावर थाप मारली. मशीन थांबलं. गुरुजींचं नाक आणि कटर यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. कटर फिरत नव्हता, हे मी उपस्थितांना तीनदा सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही.

"टेबल उलटं पळतंय," अण्णा म्हणाले. "तारा बदल."

मी बदलल्या.

"त्या न्हाईत, शान्या. ह्या."

त्या बदलल्या. टेबल डावीकडे गेलं, कोपऱ्यात टेकलं, थांबलं. अण्णांनी ॲल्युमिनियमचा एक तुकडा आवळला आणि बोटाने लॅपटॉपवरचं बटण दाबलं. मशीनने तो एका दमात तासला. तासलेल्या भागावरून अण्णांनी अंगठा फिरवला, मग परत फिरवला. आई त्यांच्याकडे बघत होती.

अकरा वाजता टेम्पो आला.

"काकू, मशीन न्यायला आलोय."

"मशीन न्हाई मिळायचं. होम झालाय त्येचा. होम झाल्याली वस्तू कुनी घराभाइर काढतंय व्हय?"

"पन आपलं बोलनं झालं हुतं की!"

"ते होमाच्या आधी. बस, शिरा खा."

अशी प्रथा खरंच आहे का, हे मी गुरुजींना विचारलं. ते स्क्रूतून उपरण्याचे धागे सोडवत होते. "आता आहे," ते म्हणाले.

टेम्पो रिकामा गेला. अण्णा रोज सकाळी मशीन चालवतात. बटणांना हात लावायची मला मनाई आहे. रविवारी गेलो की मी टेबलाखालचा धातूचा कीस झाडतो.