हिरवी वॅगन धारला राहिली

मला जलन होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हिनं लपवलं. माझा चुलतभाऊ, ज्याला घरात सगळे दादा म्हणतात, तसा चांगला माणूस आहे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, लहानपणी मला सायकलच्या दांडीवर बसवून अख्खं धार फिरवलेलं त्यानं. पण त्याच्या अंगणात एक हिरवी स्टेशन वॅगन उभी असते, आणि ती मी शोधलेली आहे, आणि मी देवासला, ती धारला, आणि मध्ये इंदूरला बस बदलावी लागते.

सुरुवातीपासून सांगते. आम्ही मूळचे धारचे. काका-काकू अजून तिथेच आहेत, दादा त्यांचा मुलगा. बाबा नोकरीसाठी देवासला आले, एका कारखान्यात फोरमन झाले आणि क्वार्टरमध्येच राहिले. मी बी.ए. केलं, टायपिंग शिकले आणि त्याच कारखान्यात मॅनेजरसाहेबांच्या ऑफिसात टायपिस्ट लागले. कारखाना उभारायला एक इंग्रज इंजिनियर आला होता, त्यानं आपली गाडी बोटीतून आणली होती. तो परत गेला, गाडी मॅनेजरसाहेबांनी घेतली, मग त्यांचीही बदली झाली. एका सोमवारी त्यांनी मला कागद दिला, म्हणाले हे टाइप करून बोर्डावर लाव. वाचलं तर गाडी विकायची आहे, कारखान्यातल्या माणसाला आधी.

मी टाइप केलं. चार मिनिटांत. पण बोर्डावर लावलं तासाभरानं. आधी पळत बाबांच्या मशीन शॉपमध्ये गेले, बाबांना बाहेर बोलावलं आणि सांगितलं की मोठ्या आवाजात काही बोलू नका, पण साहेबांची वॅगन निघतेय.

आता गाडी कशी, तेही ऐका. देवासच्या रस्त्यावर तेव्हा टांगे, टेम्पो, स्कूटर, आणि सगळ्या देशात होत्या त्याच दोन-तीन जातीच्या मोटारी. ही लांब, बुटकी, डिकीच्या जागी काचेची अख्खी खोलीच, मागचं दार वर उघडणारं. म्हटलं तर सामान वाहायची गाडी. पण बॉनेट उघडलं की एकाऐवजी दोन कार्बोरेटर, समोर इंजिनाचे फेरे मोजणारा वेगळा काटा, आणि गिअर खाली, हाताशी, एवढासा. तिला सांभाळायचे ते कंपनीचे ड्रायव्हर भिया (आमच्याकडे भैयाला भिया म्हणतात) म्हणायचे, "बदन भैंस का, पाँव घोडी के."

बाबा कधी कशाला पटकन हो म्हणत नाहीत. त्या दिवशी म्हणाले. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी गाडीत बसून टेकडीपर्यंत जाऊन आली आणि परत येताना म्हणाली, सीट छान आहे. झालं. गाडी आमची.

आणि इथेच गडबड झाली.

आमच्या घरात एक रीत आहे. घरात नवीन काहीही आलं की आधी धारला न्यायचं. बाबांचा पहिला पगार गेला, रेडिओ गेला, शिवणाचं मशीन टेम्पोतून गेलं. देवापुढे ठेवायचं, मग थोरल्याच्या हातात द्यायचं, आणि थोरला ते परत धाकट्याच्या हातात देतो, "नीट वापरा" म्हणतो, पेढा. संपलं. बाबांना मोटार चालवता येत नव्हती म्हणून दादाच देवासला आला आणि त्यानं गाडी धारला नेली. मी मागच्या काचेच्या खोलीत बसले होते, काट्याकडे बघत. काकूंनी चाकांखाली लिंबं ठेवली, ओवाळलं, नारळ फुटला. बाबांनी वाकून काकांच्या हातात किल्ली दिली. काकांनी ती डोळ्यांना लावली, आणि शेजारी उभ्या दादाच्या हातात दिली.

"इथे अंगण आहे," काका म्हणाले. "तुझ्या क्वार्टरसमोर पोरं क्रिकेट खेळतात, काच राहील का? शिवाय चालवणार कोण?"

बाबा म्हणाले, "हो, बरोबर आहे."

बरोबर होतंच. तेच तर. एक शब्द खोटा नव्हता त्यात. दादाचं तोंड लहान मुलाला दोन पेढे मिळाल्यासारखं झालं होतं. आम्ही तिघं बसनं परत आलो. बाबा खिडकीबाहेर बघत होते. घाटाबिल्लोद आलं. मग आई म्हणाली, "तुम्ही नाही म्हणायला हवं होतं." बाबा म्हणाले, "थोरल्या भावाला?" बाबांसाठी विषय तिथेच संपला.

मग सुरू झाल्या बातम्या. दादा गाडी घेऊन मांडूला गेला. दादा डहीला मित्राच्या लग्नाला गेला, नवरदेव आपल्या गाडीतून मिरवला. आपल्या. काकूंचं पत्र आलं की मला पत्र आधी फाडावंसं वाटायचं आणि मग दोनदा वाचायचे. दादानं मागे सतरंजी टाकली, दादानं कॅसेट प्लेअर लावला. मी ऑफिसात "विषय : वार्षिक रजा" टाइप करत असायचे आणि मनात ती गाडी कुठल्या तरी रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पळत असायची, माझ्याशिवाय.

तेव्हा मी एक केलं. ड्रायव्हर भियांना गाठलं. म्हटलं, मला शिकवा.

"बेनजी, गाडी तो धार में हे," ते म्हणाले.

"जीप तर इथे आहे ना."

ड्यूटी सुटल्यावर कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर जीप. तीन महिन्यांत लायसन्स. पण खरी गंमत वेगळीच. भियांनी मला वॅगनची जीपवर न दिसणारी गोष्ट शिकवली, नुसत्या तोंडानं आणि एका रबरी नळीवर. दोन कार्बोरेटर म्हणजे दोन बैल, म्हणाले. एक ओढतो आणि दुसरा नुसता चालतो, असं झालं की गाडी खोकते. मग काय करायचं, नळीचं एक टोक कानात धरायचं, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, आतल्या हवेचा आवाज ऐकायचा. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. जिथे आवाज कमी तिथला स्क्रू जरासा, अगदी नखाएवढा. दोन्हीकडे एकच सुस्कारा आला की झालं. "आँख से नी होता बेनजी, कान से होता हे." त्यांनी स्वतःच्या तोंडानं दोन वेगवेगळे आवाज काढून दाखवले, आणि मी डोळे मिटून सांगायचं की कुठला कमी. चहाच्या टपरीवर. लोक बघायचे.

दिवाळीत आम्ही धारला गेलो. दादा म्हणाला चला, मांडूला डबे घेऊन जाऊ. मी मागे सतरंजीवर, डब्यांच्या शेजारी. गाडी सुरू झाली आणि मला पहिल्या मिनिटात कळलं. एक बैल ओढत होता. दुसरा झोपला होता.

"पेट्रोलच भेसळीचं येतंय हल्ली," दादा बाबांना सांगत होता. "मेकॅनिकनं दोनदा उघडलं. ट्रॅक्टरवाला आहे तो, पण हुशार आहे."

मी तोंड उघडलं नाही. लिहिताना लाज वाटते, पण नाही उघडलं. घाटात गाडी धापा टाकायला लागली, मग ठसके, मग थांबली. सगळे उतरलो. बाबा आणि काका ढकलतायत, काकू पदर खोचून ढकलतायत, दादा स्टिअरिंगवर घामाघूम, आणि मी पण ढकलत होते आणि आतून इतकी खूश होते की काय सांगू. हाताला जोर कमी लावत होते. काकू म्हणाल्या, "अगं, हसतेस काय?" मी म्हटलं ऊन डोळ्यावर येतंय.

मला वाटलं, होऊ दे. होऊ दे खराब, मग कंटाळून परत देईल.

कंटाळला. पण परत नाही दिली.

मार्चमध्ये देवासला पाकीट आलं. आत गाडीच्या ट्रान्सफरचा फॉर्म आणि काकांची चार ओळींची चिठ्ठी. गाडी आता चालत नाही, नुसती जागा अडवते. धामनोदला हायवेवर एका ढाबेवाल्यानं मागितली आहे, येत्या रविवारी न्यायला येतोय. तो मागचं छप्पर कापून भाजी-दुधाचे कॅन वाहायला वापरेल. सही करून पाठव.

छप्पर कापून. ती काचेची खोली.

बाबांनी चष्मा लावला आणि सही केली. मी बघत होते. हात जरा थांबला असेल, किंवा मला तसं वाटलं. मी म्हटलं पोस्टानं कशाला, मीच नेऊन देते.

रविवारी पहिल्या बसनं निघाले. पर्समध्ये फॉर्म, पेचकस, आणि भियांकडून मागून आणलेली नळी. रस्ताभर स्वतःलाच शिव्या देत होते. मांडूच्या घाटात एक वाक्य बोलले असते तर हे झालं नसतं. आणि दुसरा विचार लगेच यायचा, की आता ठीक केली तर चालवणार कोण? दादाच ना. तिला वाचवायचं म्हणजे त्यालाच परत द्यायची, आधीपेक्षा चांगली करून. इंदूरला बस बदलताना खरंच मनात आलं की फॉर्म देऊन टाकावा. माझी नाही तर कुणाचीच नको. पाचेक मिनिटं मी तशीच उभी होते, धारची बस समोर, कंडक्टर ओरडतोय. मग चढले.

अंगणात गाडी धुळीनं पांढरी झाली होती. दादा ओट्यावर चहा पीत होता.

"फॉर्म आणलास?"

"आणला. आधी बॉनेट उघड."

"कशाला? तो येईलच बारापर्यंत."

"उघड ना."

त्यानं उघडलं. बॅटरीत जीव होता, गाडी बिचारी सुरू झाली, खोकत. मी फिल्टर काढले, ओढणी कमरेला बांधली आणि नळी कानात घातली. दादा हसायला लागला. "डॉक्टरीण आली. काय झालंय पेशंटला?"

"गप्प बस, ऐकू येत नाही."

मागच्या कार्बोरेटरचा स्क्रू त्या ट्रॅक्टरवाल्यानं इतका आवळला होता की आवाजच नव्हता, नुसती शांतता. सोडला जरासा. पुढचा ऐकला. परत मागचा. भियांच्या तोंडचा आवाज आणि हा आवाज काही एक नव्हता. तिसऱ्या-चौथ्या वेळेला दोन्हीकडे सारखं यायला लागलं, आणि मी नळी काढायच्या आधीच दादाचं हसू थांबलं होतं. इंजिन एका सुरात आलं. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, काका पेपर घेऊन उभे राहिले.

ढाबेवाला आला तेव्हाही ती चालूच होती. त्यानं इंजिनाकडे बघितलंच नाही. छपरावर वीत टाकून मोजायला लागला, "याँ से काट दूँगा भिया, काँच तुम रख लेना." दादा त्याच्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नी भिया, विचार बदल गया." तो माणूस चिडला, काकांनी त्याला चहा पाजला आणि पाठवला.

मग मी विचारलं. सगळ्यांसमोर. आमच्या घरात असं कुणी मागत नाही, मलाच माझा आवाज कसा तरी वाटला.

"मग मला दे. मला चालवता येते, लायसन्स आहे. देवासला मी काच सांभाळेन."

काकांनी दादाकडे बघितलं. दादानं गाडीकडे बघितलं.

"आता?" तो म्हणाला. "आत्ता तर ती गाडी झाली. आता कशी देऊ?"

खरं सांगते, त्या क्षणी मला तो आवडला. मीही तेच म्हटलं असतं. आणि इतका राग आला की रडू आलं. काकू म्हणाल्या, "अरे, तिनं शोधली ती." दादा मान खाली घालून नखानं बॉनेटवरची धूळ खरवडत होता. मग म्हणाला, "रविवार तुझा. सकाळी येशील तेव्हापासून शेवटच्या बसपर्यंत. मी हात लावणार नाही."

मी म्हटलं ठीक. दुसरं काय म्हणणार. फॉर्म फाडून काकूंच्या चुलीत टाकला.

हे झालं त्याला आता दोन वर्षं. दर रविवारी जमत नाही, पण महिन्यातून दोनदा तरी जाते. बागलीकडच्या एका मुलीशी दादाचं ठरलंय आणि परवा पत्र आलं की वरात अर्थात आपल्या गाडीतूनच. अर्थात. लग्न रविवारी ठेवलंय, आणि त्यानं खाली वेगळ्या पेननं लिहिलंय, "तुझा वार आहे, तूच चालव." हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, दोन मिनिटं. मग मनात आलं की त्या दिवशी मागच्या सीटवर नवरी बसणार, आणि सोमवारपासून पुढची, त्याच्या शेजारची सीट तिची.

आणि एक गोष्ट आहे जी कुणाला सांगितलेली नाही. दर वेळी दार उघडून बसते तर सीट पार मागे असते, त्याचे पाय लांब आहेत. खाली हात घालून ती खट खट खट पुढे ओढावी लागते, तेव्हा कुठे क्लचला पाय पुरतो. संध्याकाळी निघताना ती परत मागे सरकवून ठेवायला हवी, रीत म्हणून. मी नाही सरकवत. सोमवारी त्याचे गुडघे स्टिअरिंगला आपटू देत.