हातात मोकळं फिरणारं चाक

बाबा गुरांचे डॉक्टर होते. सरकारी नोकरी संपली तरी घाटंजीच्या बाजाराला जायचं त्यांनी सोडलं नव्हतं. कापसाला भाव नसल्याची ती वर्षं. बाजारात विकायला येणारे बैल वाढतच चालले होते, आणि विकणारा काय, घेणारा काय, दोघंही बाबांनाच हाक मारायचे, "डॉक्टरसाहेब, जरा याचे खूर पाहून द्या ना." बाबांचा खुबा एकदा बैलानेच मोडलेला. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नसत. म्हणून आमची जुनी काळी मोटार. माझ्या जन्माआधीची. ती बनवणारा कारखानासुद्धा कधीचाच बंद पडला होता. बाबांची नजर अधू झाल्यापासून गाडी मीच चालवायची. मी यवतमाळला शाळेत शिकवत होते. बाजाराच्या दिवशी अर्धी रजा टाकायची आणि त्यांना घेऊन निघायची.

त्या दिवशी घाटंजी रस्त्यावरच्या उतारावर वळण आलं. मी चाक फिरवलं. चाक फिरलं, गाडी वळली नाही.

आणखी फिरवलं. हाताला काही लागतच नव्हतं. चाक नुसतं मोकळं, हलकं फिरत होतं.

"बाबा, गाडी वळत नाहीये."

"ब्रेक दाब," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

ब्रेक मी आधीच दाबलेला होता. गाडी रस्ता सोडून खाली शेतात उतरली. दोन्ही बाजूंनी कपाशीच्या पराट्या मोडत चालल्या, कापसाची बोंडं काचेवर आपटत राहिली. पुढे बाया कापूस वेचत होत्या. पोटाशी कापूस भरायचे कापडी ओटे बांधलेल्या, पाठी वाकलेल्या. मी हॉर्न शोधत होते आणि तो मला सापडत नव्हता, इतक्या वर्षांच्या सवयीचा हॉर्न. एकीनं मान वर केली, शेजारणीचा हात ओढला आणि दोघी दोन ओळींमधल्या तासात आडव्या पडल्या. गाडी त्यांच्या शेजारून पुढे गेली आणि थांबली. थांबली तेव्हा पुढे थोडी मऊ माती होती, आणि मग विहीर. कठडा नसलेली.

मला दार उघडता येईना. ती बाई उठून आली. अंगभर माती, ओट्यातला कापूस सगळा सांडलेला.

"मारून टाकत होती ना वं मले! दिसत नाही का तुले?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. मग मागे वळून ओरडली, "अवं, पाणी आन वं, हे बाई पांढरीफटक पडली."

गाडी दोरखंडानं ओढून आर्णी रोडवरच्या गॅरेजात आणली. तिथले मेकॅनिक चाचा आमच्या गाडीला बाबांइतकेच ओळखत. ते खाली शिरले आणि एक लांब दांडा घेऊन बाहेर आले. स्टेअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा तोच दांडा. त्याच्या टोकाला लोखंडी वाटी असते आणि वाटीत गोळा बसलेला असतो.

"वाटी घासून घासून पातळ झाली बेटा. गोळा निसटला."

"नवीन मिळेल?"

"नागपुरात विचारून पाह्यतो. भंगारवाल्यायलेही सांगतो."

नागपुरात मिळाला नाही. चाचा म्हणाले, लेथवर बनवता येईल. मग स्वतःच थांबले आणि टोपी काढून डोकं खाजवू लागले. "बनवून तं देईन मी. पण त्या दांड्यावर तू अन् साहेब बसून जाणार. मलेच भेव वाटून राह्यलं."

ते ऐकून मी सुटकेचा निःश्वास सोडला. मला ती गाडी दुरुस्तच व्हायला नको होती. सायकलवरून शाळेत जातानासुद्धा मी दर थोड्या वेळानं हँडल हलवून पाहायची की चाक ऐकतं आहे ना. फळ्यावर लिहिताना हात मध्येच थबकायचा. बाबा मात्र दर बाजाराला पडवीत तयार होऊन बसत, औषधांची पेटी शेजारी ठेवून. "चल" म्हणत नसत. नुसते बसत.

मग चाचांना आठवलं. पांढरकवड्याहून केळापूरकडे जाताना कापसातली सरकी काढायची एक जिनिंग आहे, बंद पडलेली. तिथल्या शेडमध्ये अगदी अशीच गाडी सडत पडली आहे. मालकाशी बाबांची जुनी ओळख होती. त्यांनी निरोप पाठवून होकार मिळवला, आणि एका रविवारी चाचा आणि मी एसटीनं गेलो.

जिनिंगमध्ये एक म्हातारा चौकीदार तेवढा होता. गाडी शेडच्या कोपऱ्यात, पुढून विटांवर उचलून ठेवलेली. तिच्यावर वर्षानुवर्षांची सरकी आणि धूळ. चाचांनी दार ठोकून आत साप नाही ना ते पाहिलं. पुढचं एक चाक काढलं आणि ते आडवं करून गाडीखाली सरकवून दिलं.

"हे कायले?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही बोली बदलायची.

"असू दे. आदत आहे."

ते पाठीवर सरकत आत गेले. दांडा चांगला निघाला. "वाटी अजून जाड आहे बेटा!" त्यांचा आवाज खालून आला. पण गोळ्याची खीळ गंजून घट्ट बसलेली. ती ठोकल्याशिवाय सुटणार नव्हती. चाचा हातोडा मारू लागले. प्रत्येक ठोक्याला वरून धूळ पडत होती. मी विटांकडे पाहत होते. विटांतूनही लाल भुकटी पडत होती.

"चाचा, विटा—"

"अजून एक ठोक, निघतेच."

खीळ सुटल्याचा आवाज आला आणि त्याचबरोबर विटा फुटल्या. गाडी धप्पकन खाली बसली. धूळ इतकी उठली की मला काही दिसेना. मला वाटलं, संपलं.

धूळ खाली बसली तेव्हा गाडी आडव्या ठेवलेल्या त्या चाकावर टेकलेली दिसली. चाचांची छाती वाचली होती. खांदा मात्र दबला होता. त्यांचे पाय बाहेर होते, आणि एक चप्पल निघून पडली होती.

"चाचा!"

"हाव," ते म्हणाले. "जिता आहे. उचल, बेटा. लवकर उचल."

चौकीदारानं आणि मी जोर लावला. गाडी हलेना. मी वाकून पाहिलं, तर त्यांचे डोळे उघडे होते आणि ओठांवर धूळ होती. त्यांना सोडून जायचं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पण जाण्यावाचून इलाज नव्हता. रस्त्याच्या पलीकडे कापूस खरेदीचं केंद्र होतं. वजनाचा काटा बंद होता आणि कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग पार दूरपर्यंत गेली होती. माणसं कापसावरच मुक्काम करून होती. मी फाटकातून ओरडत धावले. काय ओरडले ते आठवत नाही. बंड्यांखाली बसलेली माणसं उठली आणि एकही प्रश्न न विचारता माझ्या मागे पळत आली.

परत आले तेव्हा चाचा बोलत नव्हते. मी हाक मारली, उत्तर नाही. माणसांनी गाडीला चहूबाजूंनी हात घातले, एकानं "हो" म्हटलं, आणि ती वर आली. दोघांनी पाय धरून चाचांना बाहेर ओढलं. ते कण्हले. ते कण्हणं ऐकून मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडू लागले.

त्यांना बंडीतून पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून ते बाहेर आले आणि पहिलं वाक्य, "दांडा आणला का?"

दांडा चौकीदारानं आणून दिला होता. मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

चाचांचा हात निकामी होता, आणि स्टेअरिंगला दुसऱ्या कुणी हात लावावा हे त्यांना पटत नव्हतं. "तू बसव," ते मला म्हणाले. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "चालवणार तूच. बसवशील तं तुले मालूम राहीन, आत काय आहे ते."

त्यांनी मला गाडीखाली जायला लावलं. जाड लाकडी ओंडक्यांवर गाडी ठेवली होती, तरी आत शिरताना मला फक्त फुटणाऱ्या विटा दिसत होत्या. चाचा शेजारी स्टुलावर बसून सांगत होते: ग्रीस भर, गोळा वाटीत बसव, नट आवळ, आता भोकातून पिन घाल, पिनेची दोन्ही टोकं वाकव. पिन घातली. टोकं वाकवली. बाहेर आले. पुन्हा आत जाऊन पाहिलं. पुन्हा बाहेर आले.

"अजून पाह्यतं काय?" चाचांनी विचारलं.

"हो."

"पाह्य मग."

पुढच्या बाजाराला निघालो. मी एकटीनं आधी चालवून पाहते म्हटलं, पण बाबा येऊन बसलेच. त्या उतारावर मी गाडी बैलगाडीच्या चालीनं नेली. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला. वळण आलं. मी चाक फिरवलं. गाडी वळली. पाठ घामानं सीटला चिकटली होती, आणि वळण संपून रस्ता सरळ झाला तरी मी चाक तसंच घट्ट धरून होते.

घाटंजीला बाजाराच्या कडेला गाडी उभी केली. बाबा उतरेनात.

"काय झालं?"

"थांब जरा," ते म्हणाले. "पायात त्राण नाही. यवतमाळपासूनच नव्हतं."

"मग आलात कशाला?"

ते समोरच्या बैलांकडे पाहत राहिले. "तुला एकटीला कसं पाठवायचं?"

तेवढ्यात एक शेतकरी आपला बैल घेऊन थेट गाडीच्या खिडकीशी आला. बाबांनी काच खाली केली, बसल्या जागेवरूनच हात बाहेर काढला आणि बैलाचा जबडा उघडून दात पाहू लागले.