पान एकच पाहिजे

सायबर कॅफे चालवणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. राजारामपुरीत आठ वर्षं माझा कॅफे होता. सहा कॉम्प्युटर आणि एक चिडकी मालकीण! लोक म्हणायचे, वैनी तापट आहेत. मग काय आरती ओवाळू? जो तो येऊन म्हणणार, "अख्खं पान एकात काढून द्या." स्क्रीनवर दिसतं तेवढंच निघतं, खालचं वेगळं काढावं लागतं, हे सांगून सांगून माझा घसा बसायचा.

*

मुरगूडचे एक गुळाचे व्यापारी आले. कुठल्याशा साईटवर त्यांच्या गुळाबद्दल चार ओळी आल्या होत्या, त्याही पानाच्या तळाला. दोन प्रिंट घ्या म्हटलं तर मान्य नाही. दुसऱ्या दिवशी लग्नाचा फोटोग्राफर घेऊन हजर! त्यानं मॉनिटरसमोर छत्री उभारली, फ्लॅश मारला. फोटो धुऊन आला तेव्हा त्यात गूळ नव्हताच, काचेत फक्त पाव्हणे दिसत होते, पोटासकट. तोच फोटो त्यांनी दुकानात लावला. त्यांचा मला राग आला नाही. राग आला तो कल्पनाच्या क्लार्कचा.

*

कल्पना शाहूवाडीची. नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं, सत्तरावं, म्हणजे शेवटचं. कॉलेजचं नाव घेत नाही. यंदा प्रवेश मिळाला नाही तर मांडवात उभं राहायचं, असं घरच्यांनी सांगून ठेवलं होतं. प्रवेश घ्यायला यादीच्या नऊ प्रिंट घेऊन ती कॉलेजात गेली. तिथला क्लार्क म्हणाला, कॉलेजचं नाव पहिल्या कागदावर, तुझं नवव्यावर, मधे काय झालं कुणाला माहीत? तुमच्याच साईटवर बघा की, ती म्हणाली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर फुलाफुलांचं कापड होतं आणि नेट नव्हतं.

"एकच कागद पायजे," क्लार्क म्हणाला.

*

मग मी बसले. प्रिंट स्क्रीनचं बटण दाबायचं, पेंटमध्ये चिकटवायचं, पान खाली सरकवायचं, पुन्हा दाबायचं. अकरा तुकडे जोडले. जोडताना एक्केचाळीस नंबरची ओळ दोनदा आली, माझ्या लक्षात आलं नाही. क्लार्कच्या मात्र बरोबर आलं! स्वतःच्या कॉलेजची यादी ज्याला उघडता येत नाही, त्याला माझा सांधा दिसला. बनावट कागद म्हणून त्यानं तो तिच्यासमोर टराटरा फाडला. कल्पना शाहूवाडीहून दोन एस.टी. बदलून यायची, तशीच परत गेली. त्या माणसाच्या डोक्यात मॉनिटर घालावा असं मला वाटलं.

*

तिसऱ्या खेपेला मी एक सॉफ्टवेअर शोधलं. बटण दाबलं की वरपासून खालपर्यंत सगळं पान एका चित्रात, सांधा नाही, काही नाही. मी खुर्चीतच नाचले! पण एवढं लांब चित्र साध्या कागदावर काढलं तर अक्षरं मोहरीएवढी. क्लार्कनं चष्मा वर केला, खाली केला, आणि कागद परत दिला.

"वाचता येत न्हाय. उद्या शेवटचा दिवस हाय, मोठं करून आणा."

*

मोठं करून आणा? आणते की! तेच चित्र घेऊन मी तडक फ्लेक्सच्या दुकानात गेले. चौदा फूट लांबीचं छापायचंय म्हटल्यावर दुकानदारानं विचारलं, वाढदिवस कुणाचा? वर फोटो कुणाकुणाचे टाकायचे? मी म्हटलं, सत्तर पोरींची नावं आहेत, फोटो एकही नको. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच असा फ्लेक्स छापला असणार.

*

दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले. बाहेर बाकावर वेटिंग लिस्टमधली मुलगी वडिलांसोबत बसलेली, आणि क्लार्क त्यांच्याशी हसून बोलत होता. कल्पनाची जागा कुणासाठी अडवली होती, ते तेव्हा मला कळलं आणि अंगाचा नुसता भडका उडाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कल्पनानं माझा हात दाबला.

क्लार्क आत येऊन खुर्चीत बसला. कागद कुठाय, म्हणाला. कल्पनानं गुंडाळी त्याच्या टेबलावर ठेवली आणि एक टोक धरून सोडून दिली. कॉलेजचं नाव टेबलावर राहिलं. यादी टेबलावरून खाली उतरली, फरशीवरून सरकत गेली, उंबरा ओलांडून बाकापाशी थांबली. बाकावरच्या माणसानं पाय वर घेतले.

"एवढ्यात नाव कुठं हाय तुझं?" क्लार्क बसल्या जागेवरून म्हणाला.

"शेवटाला हाय. उठून या सर, आणि वाकून वाचा."