रुमालाखालचा तिसरा हात

भुताखेतांच्या गोष्टी मी सांगतो झकास, पण मानत नाही. कधीच मानल्या नाहीत. म्हणूनच ही एक घशात अडकलीय…

लढाई नुकतीच संपली होती, तेव्हाची गोष्ट. सारंगखेड्याचा घोडेबाजार, तापीकाठ, भर दुपार. माझा दोस्त यासीन नंदुरबारचा घोड्यांचा दलाल. एका काठेवाडी घोडीचा मागचा पाय तपासायला वाकला, आणि तिने सणसणीत लाथ घातली — थेट तोंडावर! नाक चेपलं, जबडा मोडला.

जत्रेच्या दवाखान्याच्या तंबूत लढाईवर जाऊन आलेले एक डॉक्टर होते. त्यांनी जबडा करकचून बांधला. "शुद्धीवर आहे, चालतोय. घरी न्या," म्हणाले. नंदुरबारची बैलगाडी जुंपली गेली. यासीन गाडीत माझ्या शेजारी बसून डुलक्या घेत होता.

मी म्हटलं, "जनमभर घोडीस्ना दात दखात, आज तिनी तुन्हा दखात!"

त्याचे डोळे हसले. बोलता येईना, म्हणून मी गमतीने त्याच्या मांडीवर रुमाल टाकला. आमच्याकडे घोड्याचा सौदा रुमालाखाली बोटांनी होतो, चारचौघांना कळू नये म्हणून. मी आत हात घातला. "बोल भो, हाई तोंड कितलाले देस?"

आतल्या खरबरीत, घट्टे पडलेल्या हाताने माझं मधलं बोट धरलं, वाकवलं आणि माझ्याच तळव्यात दाबलं. तीनदा.

दलालांत या खुणेचा अर्थ एकच — बाहेरून दिसत नाही, पण ऐब, म्हणजे खोट, आत आहे. सौदा करू नकोस.

मी हसत वर पाहिलं… आणि हसू विरलं. यासीनचा डावा हात जबड्याला होता. उजव्या हाताने तो नाकावर ओला फडका धरून बसला होता.

मी रुमाल ओढला. खाली काहीच नाही!

मी ओरडत डॉक्टरांना गाठलं. "साहेब, याच्या आत काहीतरी बिघडलंय!"

"अहो, मार तोंडाला लागलाय."

मी सरळ बैलांसमोर आडवा पडलो. "गाडी जाणार नाही!" जत्रा गोळा झाली. डॉक्टर वैतागून आले, यासीनला हलवलं… तो उठेना. पापणी वर केली, तर एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "कवटीच्या आत रक्त साठतंय. तोंड इतकं फुटलं, की मी तोंडच बघत बसलो. उचला!"

तिथेच, तंबूत, त्यांनी कानशिलावर भोक पाडलं. काळंभोर रक्त आलं. संध्याकाळी यासीनने डोळे उघडले. गाडी निघाली असती, तर तो वाटेतच गेला असता.

जबडा सुटल्यावर मी त्याला ती खूण विचारली. त्याने दोन्ही हात तोंडाजवळ नेऊन दाखवले.

"मन्हा दोन्ही हात वर व्हतात रे भो. तुन्हा हात कोणी धरा?"

डॉक्टर म्हणाले, भास. असेलही. पण भासाला तळव्यावर घट्टे असतात का हो? आता सौद्याला बसलो, की समोरच्याचा हात रुमालाखाली जाताना मी नीट पाहून घेतो… आणि मगच माझा घालतो.