साच्यातला पक्षी

पाथरवटाने आयुष्यभर पायऱ्या घडवल्या. उंबरे, खांबांच्या बैठका, नावाच्या पाट्या हेही केलं, पण मुख्य काम पायऱ्यांचं. पायरीचं कौतुक कुणी करत नाही. लोक तिच्यावर पाय ठेवून वर निघून जातात. त्याचं त्याला काही वाटत नसे. कुणाचा पाय घसरला नाही म्हणजे काम बरं झालं, एवढं त्याला पुरे होतं. बायको शेजारी बसून दगड घासायची. मग त्यावर अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "इथे अजून खरखरतंय." तिने बोट ठेवलं तिथे हटकून खरखरत असायचं.

मुलाचा हात चांगला होता. मिसरूड फुटायच्या आधीच तो दगडावर सरळ रेघ काढायचा. खोड एकच. रेघ संपताना छिन्नी डावीकडे उचलायचा, त्यामुळे प्रत्येक घावाला शेवटी बारीक शेपटी यायची. बापाने बोलून पाहिलं, टपली मारून पाहिली. शेपटी गेली नाही.

पुढे बापाला खोकला लागला. दगडाची धूळ छातीत बसली की बाहेर येत नाही. एकदा खोकता खोकता तो कामावरच खाली बसला, तेव्हा बायकोने उठून मुलाच्या हातातली छिन्नी काढून घेतली. "एक छाती दिली या दगडाला. दुसरी देणार नाही," ती म्हणाली. मुलगा परदेशी गेला. चांगला घडलेला हात असा वाऱ्यावर सोडला म्हणून बाप कितीतरी दिवस बायकोशी कामापुरतंच बोलत होता.

मुलगा फोनवर सांगायचा, इकडे लाकडी पक्षी कोरतो, फिरायला आलेले लोक आठवण म्हणून घेऊन जातात. आई निर्धास्त झाली. बापालाही आतून बरं वाटलं. दगड सुटला, पण छिन्नी सुटली नव्हती.

मुलाने तिकीट पाठवलं तेव्हा आईचे गुडघे धरले होते. पाथरवट एकटाच निघाला.

"मला कापडचोपड नको, अत्तर नको," ती म्हणाली. "त्याच्या हातचा एक पक्षी आणा. दुकानातून विकत आणा, त्याच्याकडे फुकट मागू नका. आणि त्याच्याच हातचा आहे ना, नीट बघून घ्या."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"डोळ्यांचं नाही म्हणत. तोंड सांभाळा. आवडला नाही तर तिथेच सोलून काढाल त्याला."

तो हसला, ती हसली नाही. मुलाला तिने दूर पाठवलं होतं, ते बरोबर केलं की चूक, हे तिला त्या पक्ष्याला हात लावून बघायचं होतं.

मुलाने बापाला पूल दाखवला, बंदर दाखवलं, बाग दाखवली. बाजाराचं नाव काढलं की म्हणायचा, "उद्या जाऊ." परतायच्या आदल्या दिवशी पाथरवट सकाळीच बूट चढवून दाराशी बसला.

"आज बाजार."

"बाबा, तिथे सगळं महाग असतं."

"तुझ्या आईपेक्षा महाग नाही. रिकाम्या हाताने गेलो तर घरात घेईल का मला?"

गल्ली फरशीची होती, चढाची. दोन्ही बाजूंना दुकानं, किल्ल्यांच्या साखळ्या, चित्रं काढलेल्या थाळ्या, कापडी पिशव्या. मुलगा मागे मागे चालत होता. एका दुकानात फळीवर पक्षी ओळीने बसले होते, पंख मिटलेले, मान वळवलेली. दुकानवाली बाई उठून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, हाताने कोरलेले आहेत," मुलगा हळूच म्हणाला.

पाथरवटाने एक उचलला. पंखाखाली लाकडात छान गाठ होती. दुसरा उचलला. त्यालाही पंखाखाली गाठ होती. तिसरा उचलला, आणि तो खाली ठेवून मुलाकडे वळला.

"सगळ्यांना एकाच जागी गाठ. झाड कुठलं रे हे?"

मुलगा रस्त्याकडे बघत होता. बाई हसत उभी होती, तिला भाषा कळत नव्हती.

बाहेर दुकानाच्या पायरीवर बसून मुलाने सांगून टाकलं. लाकडाचा भुसा आणि रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारा चिकट रस, कालवून साच्यात ओततात. निघालेल्या पक्ष्यावर साच्याच्या जोडाची शिवण उरते ती तो खरवडतो, आणि हाताचं काम वाटावं म्हणून वरून पिसं कोरतो.

"म्हणजे खोट्याला खरं करायचा पगार," बाप म्हणाला.

"कोरतो म्हणालो होतो. कोरतोच."

"लाकूड म्हणाला होतास."

बाप पायरीवरून उठला.

"चल. दाखव मला."

कारखाना बंदरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. लांब टेबल, दिवे, भिंतीत घरघरणारा पंखा. टेबलावर, खिडकीच्या कठड्यावर, जेवणाच्या डब्यांवर तपकिरी पूड बसलेली. माणसं तोंडाला फडकं बांधून काम करत होती. मुलानेही बांधलं, बापाला एक दिलं. बापाने ते खिशात घातलं आणि लगेच खोकला आला म्हणून बाहेर काढून बांधलं.

"आण ती छिन्नी," तो म्हणाला.

त्याने पक्षी मांडीत धरला आणि दगडावर घालायची तशी हातोडी घातली. चोच उडाली. दुसरा घेतला, बेताने मारलं. पंख उभा चिरला. शेजारचा कामगार खाली बघून हसला. मुलाने तुकडे गोळा केले. मग छिन्नीचं टोक टेबलावरच्या छोट्या शेगडीच्या ज्योतीवर धरून ऊन केलं, हातोडी बाजूला सारली आणि तळहाताच्या जोराने पीस काढायला लागला. घावाची खोली सगळीकडे सारखी. वेग असा की मोजायला नजर पुरेना. आणि प्रत्येक पिसाच्या शेवटी डावीकडे वळलेली बारीक शेपटी.

पाथरवट बराच वेळ बघत राहिला.

"पाठ वाकवू नकोस," तो म्हणाला. "म्हातारपणी जड जाईल."

दुपारी तो पुन्हा दुकानात गेला. एकेक पक्षी उजेडाला धरून पाठ बघत होता. दुसऱ्यांचे घाव बोथट संपत होते. ओळच्या ओळ परत ठेवल्यावर एक सापडला.

"बाबा, कारखान्यातून दिला असता ना मी."

"फुकट आणू नका म्हणून बजावलंय तिने." बाईने सांगितली ती किंमत त्याने घासाघीस न करता दिली.

"आईला काय सांगाल?"

"विचारेल ते."

प्रवासभर तो मनात जुळवाजुळव करत होता. मुलगा खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. काम हलकं असेल, हात हलका नाही. हे सगळं कसं सांगायचं, ते त्याने ठरवून ठेवलं होतं.

घरी तिने कागद सोडला आणि पक्ष्याच्या पोटावरून अंगठा फिरवला.

"हे लाकूड नाही."

"नाही. साच्यातलं आहे."

अंगठा पाठीवर गेला. एका पिसावर थांबला, दुसऱ्यावर थांबला. "शेपटी आहे."

"घाव त्याचेच आहेत. मी बघून घेतला."

तो पुढचं बोलायला तयार होता, पण तिने ते विचारलंच नाही. तिने ओलं फडकं घेतलं, दगड पुसायची तसा पक्षी पुसला आणि फडकं उलटून बघितलं. त्यावर तपकिरी रेघ उठली होती.

"कोरताना धूळ उडते?"

पाथरवटाला कठडा आठवला, डबे आठवले, मुलाच्या पापण्यांवर बसलेली पूड आठवली.

"उडते."

"तोंडाला बांधतो?"

"मी होतो तेव्हा बांधलं होतं."

तिने पक्षी खिडकीत ठेवला, फडकं पिळून वाळत घातलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

"फोन लावा त्याला," ती म्हणाली. "मी बोलते."