गाळा नंबर सातमधलं लग्न

माझं लग्न ठरलं तेव्हा एक डेकोरेटर जाडजूड अल्बम घेऊन भिवंडीत आमच्या घरी आला. आई आणि मी अल्बममधली कमानी, झुंबरं, राजाराणीच्या खुर्च्या बघत होतो. बाबांनी मात्र मांडवाच्या कापडाचा नमुना मागितला.

बाबा पंचवीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम होते. कुठलंही कापड समोर आलं की ते आधी दोन बोटांत चोळून बघायचे. बसमध्ये शेजाऱ्याच्या शर्टाची बाहीसुद्धा त्यांनी तशी चोळलेली मी पाहिली आहे. नमुना घेऊन ते खिडकीपाशी गेले, ताणून बघितला आणि म्हणाले, "यो माल मी कारखान्याच्या दारातून परत पाठवला असता. आणि तू याचं भाडं मागतोस?"

"दादा, कापड कोण बघतंय? पब्लिक झालर बघते," डेकोरेटर म्हणाला.

तिथेच त्याचं काम गेलं. जाताना तो सामानाची यादी मात्र विसरला. बाबांनी कापडातल्या फॉल्टवर खुणा करायची लाल पेन्सिल घेतली आणि यादीवर फुल्या मारायला बसले.

पहिली फुली मांडवावर पडली. "मांडव कशाला घालतात? डोक्यावर छप्पर पायजे म्हणून. छप्पर हाय आपल्याकडं."

छप्पर होतं काकाचं. माझा हा धाकटा काका भिवंडीजवळ पूर्ण्याला राहायचा. तिथल्या भातशेतांवर तेव्हा भराभर गोदामं उभी राहत होती. काकानेही शेत बिल्डरला दिलं होतं आणि बदल्यात त्याला गाळा नंबर सात मिळाला होता. जुना भाडेकरू गेला होता, नवा एक तारखेला यायचा होता. माझं लग्न त्याआधी चार दिवस. मोठ्या भावाला नाही म्हणता आलं नाही म्हणून काका हो म्हणाला.

मग फुल्यांचा सपाटाच सुरू झाला. स्टेज? गाळ्यात मालाखाली घालायच्या लाकडी फळ्या पडल्या होत्या, त्या रचून वर सतरंजी. पंखे? कारखान्यातले दोन. खुर्च्या? मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, मे महिन्याची सुट्टी होती. बाबांनी मला मोठ्या बाईंकडे बाक मागायला लावले. बाई चांगल्या होत्या. त्यांनी एकच अट घातली, बाकांवर काही कोरायचं नाही. मिळाले ते पहिली-दुसरीचे बाक.

कापड बाबांच्या कारखान्याच्या शेठने फुकट दिलं. फॉल्टी तागे होते, कोऱ्या, पिवळट पांढऱ्या रंगाचे. आईने बघितलं आणि डोक्याला हात लावला. "लग्न हाय का बारावं?"

म्हणून बाबांनी ते ओळखीच्या रंगवाल्याकडे टाकलं. त्याच्या टाकीत जो रंग उरला होता त्यात ते निघालं. हिरवं, पण सरकारी दवाखान्यातल्या पडद्याचं असतं तसं हिरवं. गाळ्यात चारी बाजूंनी ते लावल्यावर कुणालाही वाटलं असतं की आत ऑपरेशन चालू आहे.

"नवरीचा चुडा हिरवाच असतो ना?" बाबा म्हणाले.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गाळ्यावर पोचलो. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. नवऱ्याकडची मंडळी वज्रेश्वरीहून एसटीची बस करून येणार होती. मागच्या कोपऱ्यात पडदा लावून माझी खोली केली होती. तिथे मामी माझ्या केसांत गजरा माळत असताना बाहेर मोठा हॉर्न वाजला. मामी म्हणाली, "अगो बाय, वऱ्हाड इतक्यात आलं?"

वऱ्हाड नव्हतं. गुजरातहून दोन ट्रक आले होते. नव्या भाडेकरूचा माल, चार दिवस आधी.

पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, शटरवरचं आंब्याच्या पानांचं तोरण बघितलं, गाळ्याचा नंबर बघितला, हातातला कागद बघितला. "गाला नंबर सात यही है ना?"

"हां, पण आज शादी है," काका म्हणाला.

"मुबारक हो," ड्रायव्हर म्हणाला आणि मागची कडी काढायला लागला.

काकाने भाडेकरूच्या सुपरवायझरला मोबाईल लावला. सुपरवायझर म्हणाला, माल उतरवून घ्या, मी मोजायला येतोच. काका रडवेला झाला. भाडेकरू गेला तर गाळा महिनोन्महिने रिकामा राहील, आणि माल घेतला तर पुतणीचं लग्न कुठे लावायचं? तो बाबांकडे बघत राहिला.

बाबांनी दोन मिनिटं विचार केला. मग सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "उतरवा. पण मी सांगतो तसा."

मी पडद्याच्या फटीतून बघत होते. हमालांनी पहिली पेटी आणून स्टेजपाशी ठेवली. पुठ्ठ्याची मोठी पेटी, आणि तिच्यावर ठळक रंगीत चित्र. कमोडचं.

दोन्ही ट्रक कमोडने भरले होते.

बाबांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मुकादम माणूस, समोर माल आणि माणसं आली की त्यांचं डोकं चालायचं. त्यांनी स्टेजच्या मागे पेट्यांची उंच भिंत उभी करून घेतली, कारण मागचं कापड वाऱ्याने उडत होतं. जेवणाची जागा आणि लग्नाची जागा यांच्यात आडोसा नव्हता, तो झाला. उरलेल्या पेट्या दोन्ही कडांना लावल्या, तर मधोमध छान वाट तयार झाली. माझे दोन मावसभाऊ नव्या कपड्यांत पेट्या वाहत होते. शेवटी बाबांनी चित्रांवर हिरवं कापड सोडलं, मागे सरून बघितलं आणि मान हलवली. खरं सांगायचं तर आधीपेक्षा बरं दिसत होतं.

वऱ्हाड आलं. माझे होणारे सासरे वज्रेश्वरीला देवळाजवळ नारळ-फुलांचं दुकान चालवायचे. अतिशय सभ्य माणूस. त्यांना मानाने पुढच्या बाकावर बसवलं. ते पहिलीच्या बाकात गेले खरे, पण गुडघे हनुवटीला लागले. तरी ते हात जोडून बसले. त्यांच्या शेजारी त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आतेसासू, अर्धी बाकात आणि अर्धी बाहेर.

उकाडा मरणाचा होता. वर पत्रा तापलेला. कुणीतरी ओरडलं, पंखे लावा. कारखान्याचे पंखे लागले, आणि एका झटक्यात हिरवं कापड वर गेलं. भिंतभर कमोड उघडे पडले.



आतेसासूने डोळे बारीक करून ती भिंत वरपासून खालपर्यंत बघितली. मग भावाच्या कानाशी लागली. सासरे बाकातून कसेबसे सुटले आणि बाबांकडे आले. त्यांचा चेहरा गंभीर होता.

"व्याही, आम्ही काहीच मागितलं नव्हतं."

"न्हाय, न्हाय मागितलं," बाबा म्हणाले.

"मग एवढं आंदण कशाला? आमचं घर लहान. माणसं पाच. आम्हाला एक पुरे."

हा माल आमचा नाही म्हटलं तर गाळा भाड्याने गेलाय हेही सांगावं लागणार, आणि मग आपण मुलीचं लग्न दुसऱ्याच्या गोदामात लावतोय हे उघड होणार. ते लाजले. पंचवीस वर्षांत शेठसमोर न लाजलेला माणूस तिथे लाजला आणि म्हणाला, "बरं. एक घ्या."

"गुलाबी हाय का?" आतेसासूने बाकातूनच विचारलं.

गुलाबी होता. पेटीवर रंगाचा ठिपका असायचा. तिच्या मुलांनी तो शोधला आणि मुहूर्ताआधीच एसटीत नेऊन ठेवला.

अंतरपाट धरला आणि नेमका सुपरवायझर आला. किरकोळ अंगाचा, चष्मेवाला, हातात पॅड. त्याला जेवून मग मोजा असं सांगून बघितलं, पण ड्रायव्हरला पावती द्यायची होती. तो माझ्या पाठीमागे पेट्यांच्या भिंतीशी उभा राहिला आणि बोट लावून मोजू लागला. पुढे भटजी, मागे तो.

"शुभ मंगल सावधान!"

"एक्क्याण्णव, ब्याण्णव..."

पंख्याच्या वाऱ्याने अक्षता आमच्या डोक्यावरून सरळ त्याच्यावर पडत होत्या. तो दर वेळी चष्मा पुसायचा, आकडा विसरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. अंतरपाटापलीकडून मला नवऱ्याचे फक्त पाय दिसत होते. ते थरथरत होते. मला वाटलं, बिचारा घाबरला. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा कळलं, तो हसू दाबत होता. त्याचे डोळे पाण्याने भरले होते. मला तो त्या क्षणी आवडला. त्याआधी आम्ही दोनदाच भेटलो होतो, आणि दोन्ही वेळा तो हवामानावर बोलला होता.

हार घालून होतात तोच सुपरवायझर काकाला म्हणाला, "एक पीस कमी आहे."

बाबा पुढे झाले. त्याला बाजूला घेऊन काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण त्या गुलाबी कमोडचे पैसे त्यांनी रोख दिले. राजाराणीच्या खुर्च्या त्याहून स्वस्त पडल्या असत्या, असं आई पुढे कितीतरी वर्षं म्हणायची. सुपरवायझरने रीतसर बिल दिलं आणि मग आग्रहाशिवाय पंगतीला बसला. ड्रायव्हरही बसले. हमालही बसले. जेवण उत्तम झालं होतं. स्वयंपाकावर बाबांनी एकही फुली मारली नव्हती.

पाठवणीची वेळ झाली. मी आईच्या गळ्यात पडून रडले, मामीच्या पडले, काकाच्या पडले. बाबा रडले नाहीत, माझ्या शालूचा पदर दोन बोटांत धरून नुसते उभे राहिले. मी बसमध्ये खिडकीशी बसले. सगळ्यांनी हात वर केले. बस सुरू झाली, आणि जागच्या जागीच घरघरत राहिली.

समोर ट्रक आडवा होता. त्याचा ड्रायव्हर पोटभर जेवून कुठेतरी झोपला होता, आणि चावी त्याच्या खिशात. त्याला शोधायला माणसं सगळ्या गाळ्यांमागे गेली.

एक तास गेला. हलवलेले हात खाली आले. रडणं संपलं. आई शाळेचे बाक मोजायला गेली. बाबा खिडकीखाली उभे होते. निरोपाचं सगळं बोलून झालं होतं.

"भूक लागली का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.

त्यांनी आतून द्रोणात जिलेबी आणली. मी खिडकीतून खाली वाकून खात होते, आणि ते बोलायला लागले. माझ्या जन्मावेळी त्यांची रात्रपाळी होती, निरोप आला तेव्हा मागावर धागा तुटला होता, तो जोडूनच ते निघाले, त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. हे मी आधी कधीच ऐकलं नव्हतं.

"मग दवाखान्यात गेलो तर तू..." ते सांगत होते, आणि पुढचा ट्रक हलला. एसटीच्या ड्रायव्हरने कुणालाही न विचारता बस काढली. बाबा दोन पावलं बरोबर चालले, काहीतरी मोठ्याने सांगत राहिले, पण इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी जिलेबीच्या चिकट हाताने हात हलवला.